सध्या आम्ही दोघी वाचतोय

"सध्या काय वाचतेस?" असं कुणी विचारलं की गेल्या दीड वर्षापासून माझं उत्तर अनेकवचनी असतं. आम्ही वाचतोय, आई आणि मी. वाचते मी, ऐकते ती, आणि पुढे जायचं की तिथेच थांबायचं हेही तीच ठरवते.

आईच्या दोन्ही डोळ्यांना मॅक्युलर डिजनरेशन आहे. नजरेचा मधला भाग गेला, कडेचा राहिला. दारातून कोण आलं ते तिला कडेच्या नजरेने कळतं, पण समोर धरलेल्या पानावर जिथे बघावं नेमकं तिथेच धुकं येतं. आधी भिंग आणलं, मग मोठ्या अक्षरांची पुस्तकं, मग टेबलाला लावायचा प्रखर दिवा. प्रत्येक उपाय दोन-तीन महिने पुरला. एक दिवस तिने भिंग डबीत ठेवलं आणि डबी कपाटात ठेवली. काही बोलली नाही. आयुष्यभर झोपण्यापूर्वी वाचत आलेली बाई त्या रात्री दिवा मालवून नुसती पडून राहिली. ते मला बघवलं नाही.

पहिल्यांदा मी ऑडिओबुकचा मार्ग धरला. एका सेवेचं सदस्यत्व घेतलं आणि आईच्या हाताशी फोन ठेवला. आठवडाभरात ते बंद पडलं, आणि त्याची कारणं सांगायला हवीत, कारण माझ्यासारखे आणखी कुणी त्याच वाटेवर असतील. वाचणाऱ्याचा आवाज चांगला होता, पण सगळी माणसं एकाच सुरात बोलत. संवाद कुठे संपला आणि निवेदन कुठे सुरू झालं ते कळत नसे. बोलीतले शब्द त्याने प्रमाण मराठीसारखे घासूनपुसून उच्चारले होते. सगळ्यात मोठी अडचण वेगळीच होती. आईला मध्येच थांबवून "म्हणजे कोण गं?" असं विचारायचं असे, आणि फोनला ते विचारता येत नाही. थांबवायचं बटण एवढंसं, काचेवरचं, तिला न दिसणारं. चुकून बोट लागलं की पुस्तक पंधरा मिनिटं पुढे. ज्यांची नजर चांगली आहे आणि जे चालता-चालता ऐकतात त्यांना ही सोय उत्तम आहे. ज्यांना खरी गरज आहे त्यांच्या बोटांचा विचार मात्र तिथे कुणी केलेला दिसला नाही.

मग मीच वाचायला लागले. रात्री साडेआठ ते सव्वानऊ. मोठ्याने आणि सावकाश वाचलं की चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत बारा पानं होतात, आईचे प्रश्न धरून. मनातल्या मनात मी तेवढ्या वेळात चाळीस पानं संपवायची. सुरुवातीला हा वेग जाचला. आता मनात वाचताना कितीतरी ओळींवरून माझी नुसती नजर घसरायची, हे लक्षात येतं.

पहिलं पुस्तक मी हौसेने निवडलं. अलीकडची, बरीच गाजलेली कादंबरी. मी ती एकटीने वाचली तेव्हा मला फार आवडली होती. मोठ्याने वाचायला घेतली आणि साठाव्या पानावर आम्ही दोघी थांबलो. वाक्यं अर्ध्या-अर्ध्या पानाची. क्रियापदापर्यंत पोचेस्तोवर माझा श्वास संपे आणि आईच्या हातून कर्ता सुटलेला असे. पुस्तक वाईट नाही, ते डोळ्यांसाठी लिहिलंय. त्याचं नाव मी घेत नाही, कारण चुकली होती ती वाचायची पद्धत.

तिथून मी शोधायला लागले की तोंडाने सांगितल्यासारखी पुस्तकं कोणती. आणि मग जी हाती लागली त्यांचे कर्ते रूढ अर्थाने लेखक नव्हतेच. एक भिक्षुक, एक लग्नानंतर अक्षरं शिकलेली बाई, एक अक्षरओळखच नसलेली शेतकरीण. सध्या आमच्या उशाशी हे तिघं आहेत.

भिक्षुक म्हणजे विष्णुभट गोडसे. पुस्तक 'माझा प्रवास'. नाव इतिहासाच्या संदर्भात सगळ्यांनी ऐकलेलं असतं, मीही ऐकलं होतं, आणि म्हणूनच ते वाचायचं राहून गेलं होतं. वाटायचं, १८५७ची साधनं शोधणाऱ्या अभ्यासकांचं पुस्तक असेल. प्रत्यक्षात ते कर्ज फेडायला घर सोडलेल्या एका माणसाची गोष्ट आहे. कोकणातल्या वरसईचं हे घर, दारिद्र्य आणि देणं दोन्ही मानेवर. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत अशी बातमी येते. दक्षिणा मिळेल या आशेने विष्णुभट काकांना सोबत घेऊन उत्तरेची वाट धरतात. साल १८५७. यज्ञाला निघालेला माणूस बंडात जाऊन पोचतो. महूजवळ त्यांना पलटणीतले शिपाई भेटतात आणि होऊ घातलेल्या गोष्टींची कुणकुण तिथेच लागते. मागे फिरावं की पुढे जावं? पुढे जातात, कारण मागे कर्ज आहे.

आई इथे उठून बसली होती. म्हणाली, "हा माणूस शूर नाही गं, अडलेला आहे." मला हे पुस्तक त्या एका वाक्याने उलगडलं. बंडाच्या हकिगती आपण लढणाऱ्यांच्या बाजूने ऐकतो, नाहीतर हुकूम देणाऱ्यांच्या. विष्णुभट दोन्हीकडचे नाहीत. त्यांना घरी परत जायचंय, चार पैसे घेऊन. म्हणून त्यांना जे दिसतं ते दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं: रस्त्यावर काय भेटलं, कुठे पाणी मिळालं, कुणी अडवलं, कंबरेला बांधलेले पैसे कुठे आणि कसे गेले.

मग ते झाशीत मुक्काम करतात आणि १८५८च्या मार्चमध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेचा वेढा पडतो. आम्ही ही पानं पाच रात्री वाचत होतो. गोळाबारीचं वर्णन मोठ्याने वाचताना आपोआप आवाज खाली येतो, हे मी मुद्दाम केलं नाही, वाक्यंच तशी आहेत. शहर पडल्यावरच्या कत्तलीला ते 'बिजन' म्हणतात. आईने तो शब्द दोनदा वाचायला लावला. तिला अर्थ मागावा लागला नाही. लपून बसलेली माणसं, दिवसामागून दिवस चाललेली लूट, आणि लूट आटोपल्यावरचं ते शहर. या सगळ्यात विष्णुभट झाशीच्या पुस्तकसंग्रहाची नासधूस झाली तेही सांगतात, आणि तिथे त्यांचं दुःख वेगळ्याच जातीचं आहे. सोनंनाणं गेलं त्याबद्दल त्यांनी हळहळ केलीय. पोथ्या गेल्या त्याबद्दल घरातलं माणूस गेल्यासारखं लिहिलंय. मी वाचता वाचता आईकडे पाहिलं. तिचा हात गादीवर, शेजारी ठेवलेल्या पुस्तकांवर होता.

या पुस्तकातला जो प्रसंग मी कितीही वेळा वाचेन तो विहिरीचा. झाशीतून कसेबसे निसटून विष्णुभट काल्पीच्या वाटेवर आहेत. एका विहिरीवर त्यांची आणि राणीची गाठ पडते. किल्ल्यात, दरबारात पाहिलेली राणी आता पुरुषी पोशाखात आहे, अंगभर धूळ, तहानेने व्याकूळ. हे पाणी काढून द्यायला पुढे होतात. ती नको म्हणते. तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी ओढू नका, माझं मी काढून घेते. आणि मातीच्या मडक्याने पाणी शेंदून ओंजळीने पिते. एवढंच. दोन-चार वाक्यं बोलते आणि निघून जाते. राणीवर कितीतरी लिहिलं गेलंय, घोडा, तलवार, पाठीला बांधलेला मुलगा. ही ओंजळ मात्र तहान लागलेल्या दुसऱ्या माणसाने पाहिलेली आहे. आईने त्या रात्री पुढे वाचू दिलं नाही. बारापैकी पाचच पानं झाली होती.

यज्ञ नाही, दक्षिणा टिकली नाही, जे मिळालं ते लुटलं गेलं. शेवटी हा माणूस गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन घरी येतो. एवढा पल्ला चालत. आईबापांना द्यायला त्याच्याकडे तेवढंच उरलेलं असतं. मी परत जाऊन मोजलं, कावडीचा उल्लेख किती वेळा येतो ते. प्रत्येक वेळी ती सांडली तर नाही ना, असा धसका बसतो.

पुस्तकाविषयी दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. हे लिहिलं गेलं ते प्रवासानंतर पंचवीसेक वर्षांनी, इतिहासाचे अभ्यासक चिंतामण विनायक वैद्यांनी गळ घातल्यावर. छापलं गेलं १९०७ साली, विष्णुभटांच्या मागे. वैद्यांनी त्या भाषेवर आपला हात फिरवला होता. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ पुढे दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केला. माझ्याकडे दोन्ही आहेत, आणि वाचून दाखवायचं असेल तर मी मूळ पाठाच्या बाजूची आहे, थोडा अवघड असला तरी. वैद्यांच्या प्रतीत वाक्यं बांधीव आहेत. मूळ पाठात 'नंतर', 'मग', 'तो' यांच्या दोरीवर हकीकत सरकत राहते, अगदी ओसरीवर बसून कुणी सांगावी तशी. श्वास कुठे घ्यायचा हे विरामचिन्हांशिवाय कळतं. पहिल्या दोन रात्री मी अडखळले. तिसऱ्या रात्री जीभ वळली.

दुसरी गोष्ट म्हणजे मधला काही भाग जड जातो. तीर्थक्षेत्रांची वर्णनं, कुणी किती दान दिलं, कुठल्या घाटावर काय विधी केला, हे लांबतं. तिथे मी पानं गाळली नाहीत, कारण आईला ते आवडत होतं. स्वतःपुरतं वाचत असते तर गाळली असती. शिवाय हा आपल्या काळाचा, आपल्या जातीचा माणूस आहे. इतरांबद्दलचे त्याचे काही शेरे आज कानाला बोचतात. ते तसेच्या तसे वाचावे आणि त्यावर बोलावं, आम्ही बोललो.

आता 'स्मृतिचित्रे'. हे चालू आहे, म्हणून याबद्दल लिहिताना माझा आवाज जरा चढेल. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मकथन १९३४ पासून भागाभागाने पुस्तकरूपात आलं. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा, म्हणजे साठी उलटल्यावर ही बाई मागे वळून बघतेय. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. अकराव्या वर्षी लग्न, अक्षरं नवऱ्याने शिकवली. नवरा म्हणजे कवी नारायण वामन टिळक. अफाट बुद्धीचे, अफाट रागाचे, हातात पैसा न टिकणारे, कधी न सांगता घरातून निघून जाणारे.

मी हे कॉलेजात असताना वाचलं होतं आणि तेव्हा मला टिळकांचा संताप आला होता. आत्ता मोठ्याने वाचताना तो संताप आधी येतो आणि मग लक्ष्मीबाईंच्या स्वरात विरघळतो, कारण त्या स्वतःची कीव कुठेही करत नाहीत. हे डोळ्यांनी वाचताना मला पुरतं कळलं नव्हतं. वाक्य उच्चारावं लागतं तेव्हा ते कुठल्या सुरात उच्चारायचं हे ठरवावं लागतं. मी एक-दोन ठिकाणी रडवेल्या सुरात वाचायला गेले आणि वाक्य मोडलं. आईनेच टोकलं, "अगं, ती रडत नाहीये. सांगतेय." मी तेच वाक्य सरळ वाचलं, आणि आई हसली. वाईट प्रसंगावर हसली, आणि मग गप्प झाली. लक्ष्मीबाईंनी ते वाक्य तसंच योजलेलं असणार.

सुरुवातच बघा. वडिलांच्या सोवळ्याची हकीकत. १८५७च्या धामधुमीत त्यांच्या नात्यातल्या माणसाला फाशी झालेली, आणि त्या धक्क्यापासून वडिलांना विटाळाचं वेड लागलं. घरात येणारी जवळपास प्रत्येक गोष्ट धुवायची. मुलीच्या तोंडून हे येतं ते तक्रार म्हणून येत नाही. त्या घरात वाढलेल्या पोरीला ते जसं दिसलं तसं येतं, म्हणून हसू येतं आणि अंगावरही येतं. 'माझा प्रवास'च्या पाठोपाठ हे वाचायला घेतलं हा योगायोग, पण त्याच सालाची एक ठिणगी कोकणातल्या भिक्षुकाला कुठे घेऊन गेली आणि दुसरी एका घराच्या पाण्याच्या घागरीपर्यंत कशी आली, हे लागोपाठच्या रात्री वाचायला मिळालं. आईला हा धागा माझ्या आधी सापडला.

पुस्तकाचा गाभा १८९५ नंतरचा. त्या वर्षी टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई मागे राहिल्या, लहान मुलाला घेऊन, जवळजवळ पाच वर्षं नवऱ्यापासून वेगळ्या. त्या काळातल्या पानांवर मी फार सावकाश गेले. नवरा जिवंत, पत्रं येतात, कविता येतात, आणि तरी तो गेलेला. पुढे त्या परत त्याच्यासोबत राहायला जातात, तेव्हाही आपलं सोवळं सोडत नाहीत. चूल वेगळी, पाणी वेगळं. मग एका टप्प्यावर कुणी न समजावता त्यांच्या स्वतःच्या डोक्यात विचार फिरतो: हे भेद देवाने केलेले नाहीत, माणसांनी केलेत. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण माझ्यासाठी या पुस्तकाचा खरा उंबरठा तो विचार फिरण्याचा प्रसंग आहे. मोठा उपदेश नाही, दृष्टांत नाही. रोजच्या व्यवहारात एक गाठ सुटते आणि बाई पुढच्या कामाला लागते. ज्याला कुणाला आपलं मत बदलताना माणसाच्या आत काय होतं ते बघायचं असेल त्याने ही पानं वाचावीत, धर्म कुठलाही असो.

आमच्यात इथे मतभेद झाला. आईचं म्हणणं, टिळकांनी बायकोला विश्वासात न घेता हे केलं ते अक्षम्य आणि लक्ष्मीबाईंनी फार लवकर माफ केलं. मला वाटतं त्यांनी माफ केलं नाही, सगळं लख्ख लिहून ठेवलं. माफ करणारी बाई इतके तपशील लक्षात ठेवत नाही. दोन रात्री वाचन कमी आणि वाद जास्त झाला. तिसऱ्या रात्री आई म्हणाली, "चल, वाच. तिलाच विचारू."

पुढे प्लेगची वर्षं येतात, पदरी घेतलेली परकी मुलं येतात, नवनव्या गावची घरं येतात. टिळक १९१९ साली गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं, जिला अक्षरं त्याच माणसाने शिकवली होती तिने. मी हे आईला आधीच सांगून टाकलं आणि तिने मला रागे भरलं. गोष्ट आधी फोडायची नसते.

ज्यांना घ्यायचंय त्यांनी संक्षिप्त आवृत्ती घेऊ नये. या पुस्तकाची संक्षेपं निघालेली आहेत आणि त्यात प्रसंग राहतात, पण प्रसंगांच्या मधलं बोलणं जातं. लक्ष्मीबाईंचं सगळं काम त्या मधल्या बोलण्यात आहे. टीपा असलेली पूर्ण आवृत्ती मिळाली तर फारच छान, कारण माणसं खूप येतात आणि बरीच नुसत्या हाकेच्या नावाने येतात. माझ्या प्रतीची बांधणी मात्र दमवते. जाड पुस्तक, घट्ट शिवण, एका हाताने उघडं राहत नाही. मी आता मांडीवर उशी घेऊन त्यावर पुस्तक टेकवते आणि डाव्या पानावर चष्म्याची डबी ठेवते. रोज मोठ्याने वाचणाऱ्याला कागद आणि शिवण यांचं महत्त्व वेगळंच कळतं. गुळगुळीत, चकचकीत कागदावर दिव्याची तिरीप उमटते आणि ओळ हरवते.

तिसऱ्या बहिणाबाई चौधरी. त्यांचं पुस्तक सलग वाचत नाही. रोज वाचन संपताना एक, कधी दोन. 'बहिणाबाईंची गाणी' १९५२ साली निघालं, त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, कामं करताना त्या गात आणि मुलगा सोपानदेव टिपून ठेवी. आज आपण छापील पानावर बघतो ते आधी कितीतरी वर्षं नुसतं हवेत होतं.

आईला यातली अर्धी पाठ आहेत. शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांनाच एक-दोन येतात. पण पाठ असणं आणि ऐकणं वेगळं. खानदेशच्या त्या बोलीत आपला 'ळ' पुष्कळदा 'य' होऊन येतो. मन 'वढाय' आहे, म्हणजे ओढाळ आहे, उभ्या पिकात शिरणाऱ्या जनावरासारखं. लहानपणी मी 'वढाय' हा शब्द नुसता पाठ केला होता, अर्थ अंदाजे. आईला मोठ्याने दोनदा म्हणून दाखवला तेव्हा आतला 'ओढाळ' ऐकू आला. किती वेळा हाकललं तरी परत येणारं ढोर आणि परत येणारं मन, हे त्या एका शब्दात आधीच आहे. डोळ्यांनी वाचताना मी परिशिष्टातला शब्दार्थ बघायची. शब्दार्थ शेवटी छापलेले असतात, त्यामुळे दर ओळीला पानं उलटायची. आता आधी कानाला विचारते. दहातले सात-आठ शब्द कान सांगतो. ऑडिओबुकवाल्याने बोलीला का घासलं असेल, मला अजून समजत नाही.

एक गाणं आम्ही मुद्दाम पुन्हा पुन्हा घेतो, छापखान्यावरचं. त्यात त्या म्हणतात की कोरा कागदसुद्धा छापून निघाला की शहाणा होतो, माणूस मात्र वेडा तो वेडाच राहतो. ज्या बाईला छापलेलं वाचता येत नव्हतं तिने हे म्हटलंय. त्यात हेवा नाही, भीतीही नाही, स्वच्छ कुतूहल आहे आणि माणसाबद्दलची कळकळ आहे. आईला आता छापलेलं वाचता येत नाही. पहिल्यांदा हे गाणं आलं तेव्हा मी मनातून चरकले, वाचावं की पान उलटावं. वाचलं. आई थोडा वेळ थांबून म्हणाली, "तिला कधीच येत नव्हतं, आणि तिचं काही अडलं नाही." मग म्हणाली, "पुन्हा म्हण." आम्ही ते तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा तिने माझ्याबरोबर म्हटलं.

या संग्रहाबद्दल मला एकच कुरकूर आहे. सगळी गाणी सारख्या तोलाची नाहीत. काही ठिकाणी कल्पना सुंदर आणि शेवट ओढून आणल्यासारखा वाटतो. गाताना ते चाललं असेल, कामाच्या ठेक्यात शेवट कुणी मोजत नाही. वाचून दाखवताना जाणवतं. पण ज्या कविता चढतात त्या इतक्या चढतात की मी पुस्तक मिटून ठेवते आणि दुसऱ्या दिवसावर ढकलते, लागोपाठ दुसरी घेववत नाही. नवरा गेल्यावरची, कपाळ पुसलं गेल्यावर स्वतःच्या हातांच्या रेषांकडे बघून म्हटलेली ती कविता आम्ही एकदाच वाचली. पुन्हा कधी वाचायची ते आई सांगेल.

नवीन काही घेणार का, असं परवा आईला विचारलं. मी 'लीळाचरित्र' सुचवलंय. तेराव्या शतकातलं, म्हाइंभटांचं. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांना पाहिलेल्या, ऐकलेल्या माणसांकडे जाऊन, त्यांना विचारून विचारून गोळा केलेल्या आठवणी. लीळा छोट्या आहेत, कित्येक तर चार-सहा ओळींच्या. रात्रीच्या वाचनाला हे माप फार बरं. मी चाचणी म्हणून तीन वाचून दाखवल्या. शब्द जुने, पण वाक्यं इतकी आखूड आणि बोलती की अडलं ते दोन-चार शब्दांवरच. स्वामी कुठे बसले, कोण आलं, त्याने काय विचारलं, स्वामी काय म्हणाले. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीचं मराठी बोलणं आमच्या खोलीत आलं आणि आईला त्यातला विनोदही कळला. तिचा एकच प्रश्न होता: विसरलेल्या माणसांना म्हाइंभट काय म्हणत असतील? म्हणून ते पुढच्या रांगेत आहे.

पण अजून वेळ आहे. 'स्मृतिचित्रे'चा शेवटचा भाग उरलाय, हाताला पानं पातळ लागायला लागली आहेत. आई कडेच्या नजरेने पुस्तकाची जाडी बरोबर ओळखते. काल बारा पानं वाचून झाली तरी मी पुढचं उघडलं, तर तिने हात आडवा धरला. उद्यापासून रोज चारच वाचायची म्हणाली.